अजायबखान्यातला मंगळवार

गाव माझं सिल्लोडकडचं, रस्त्यापासून चार कोस आत, नाव सांगून काय उपयोग नाय, तुम्ही ऐकलेलं नसंल आन आता तिथं आमचं कोणी राह्यलं बी नाय. आमी पिंजारी. म्हणजे कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया भरायच्या. बाप खांद्यावर धनुकली, म्हणजे पिंजायचं धनुष्य, टाकून निघाला की आधी तिच्या तातीचा आवाज गावात शिरायचा, मग बाप. आमच्या आळीत मुसलमानाचं घर आमचं एकलंच, शेजारी सगळ्या मराठ्या-माळ्याच्या पोरी, त्यांच्यातच मी वाढले. घरात आमी दखनी बोलायचो आन उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मराठी. म्हणून माझं बोलणं तुम्हाला असं भेसळीचं लागतंय. हसू नका बाई, लिहा तुम्ही. तर पंचमी आली की त्या पोरी हाताला मेंदी लावायच्या, माझ्या बी हाताला लावायच्या, आन गाणी म्हणत आमी सगळ्या वारुळाला जायचो, नागाला दूध-लाह्या घालायला. अम्मा म्हणायची जा, पण हात नको जोडूस. मी नाय जोडायचे. पण झोक्यावर सगळ्यात उंच कोण जायचं ते विचारा त्या पोरींना, कोणी जित्ती असंल तर.

मग लगीन झालं, औरंगाबादला आले. नवरा बी पिंजारीच, शहागंजाच्या मागं एका खोलीत राह्यचो. माणूस चांगला व्हता, बोलायचा कमी. लेकरू झालं नाय. पाचव्या वर्षी त्याला ताप आला आन तिसऱ्या दिवशी गेला, एवढंच, त्याच्यात सांगण्यासारखं काय नाय. दीर म्हणला आमच्यात राहा, पण जावेला मी नको व्हते, तिचं बी बरोबर व्हतं, एवढ्याशा घरात अजून एक बाई कुठं ठेवायची. मग मीच धनुकली उचलली. बाईनं पिंजायचं म्हणजे लोक बघायचे, मी दार लावून पिंजायचे. दिवसभर ती तात टणटण वाजायची आन तिच्याशिवाय त्या खोलीत आवाज म्हणून नाय. काय सांगू तुम्हाला, कधी कधी मी उगीच मोठ्यानं खाकरायचे, आपला गळा हाय का गेला ते बघायला.

तवा निजामाचं राज. शहराच्या दरवाज्याच्या बाहेर एका बागेत दगडी इमारत व्हती, तिथं सरकारी अजायबखाना. लई मोठा नव्हता, चार खोल्या आन एक व्हरांडा. त्याच्यात मेलेली जनावरं भरून ठेवलेली, पाखरं, साप, अंडी, हाडं. गोदावरीच्या गाळात सापडलेली हत्तीची दाढ व्हती, पार दगड झालेली, ह्या उखळाएवढी. त्याच्यावर जे साहेब व्हते त्यांना मोहतमीमसाहेब म्हणायचे, म्हणजे सगळा कारभार त्यांचा. हैदराबादेहून एकटेच आलेले, बायकापोरं तिकडंच. दिवसभर त्या पाखरांतच असायचे. त्यांना पाखरांत भरायला बिनसरकीचा, चांगला पिंजलेला कापूस लागायचा, कोणीतरी माझं नाव सांगितलं, म्हणून मी बुरखा घालून गाठोडं घेऊन गेले.

बघते तर साहेब एक खंड्या घेऊन बसलेले. मासे मारणारा निळा पक्षी, माहीत हाय ना, तो. त्याचं आतलं सगळं काढून नुसतं कातडं राह्यलेलं आन त्याच्यात साहेब कापूस कोंबायले. असा कोंबला, असा कोंबला की पाखराचा लोड झाला. मला राहवलं नाय. म्या बुरख्यातनंच म्हणलं, साहेब, इसकू ऐसा नै भरते, गर्दनीत आधी कापसाचा लांब पेळू सोडा, मग छातीला, आन पोटाला सगळ्यात शेवटी, थोडं थोडं. साहेबांनी वर बघितलं आन ते पाखरू माझ्यापुढं सरकवलं. म्या भरलं. उडतं का काय असं दिसाया लागलं. साहेब लई हसले. त्या दिवसापासून पाखरं भरायला ते मला बोलवायचे.

आता मंगळवारचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच हाय. शहरातल्या मोठ्या अंमलदारांच्या बायकांनी वर कुठंतरी अर्ज केला व्हता की आम्हाला बी अजायबखाना बघायचा हाय, पण पडद्यातल्या बायका, पुरुषांत कशा येणार. तवा मंगळवार जनान्यासाठी ठेवला. त्या दिवशी फाटकाच्या आत पुरुष म्हणून नाय, माळी नाय, शिपाई नाय, खुद्द मोहतमीमसाहेब सुद्धा नाय. ते फाटकाबाहेर चौकीदाराच्या खोलीत खुर्ची टाकून, आमच्याकडं पाठ करून, दिवसभर पुस्तक वाचत बसायचे. आत एक बाई पाहिजे, नजर ठेवायला. ती बाई मी. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला आन माझी मीच बघत राह्यले.

पहिल्या मंगळवारी सहा-सात टांगे आले असतील, चारी अंगांनी पडदे लावलेले. बायका उतरल्या, आत आल्या, म्या दार लावलं आन म्हणलं, काढा आता. दाराजवळ एक सांबराचं मुंडकं व्हतं, ही एवढाली शिंगं. सगळ्यांनी बुरखे काढले आन त्या शिंगांवर टाकले. साहेबांना हे कधीच कळलं नाय, कळलं असतं तर बेशुद्ध पडले असते. मग गुलमंडीच्या व्यापाऱ्यांच्या घरच्या हिंदू बायका बी याया लागल्या. त्यांच्या सासवांना ते बरं वाटायचं, अंमलदारांच्या बेगमा जिथं जातात तिथं आपल्या सुना जायल्यात म्हणून. कोपऱ्यात एक काळं अस्वल उभं केलेलं व्हतं, पुढचे हात असे वर करून. एका सुनेनं त्याला बघून नुसतं म्हणलं, अगं बाई, आमच्या इथं बी एक हाय. बास. त्या दिवसापासून त्या अस्वलाचं नाव सासूबाई. सुना यायच्या, सासूबाईला नमस्कार करायच्या, तिच्या कानात काय काय बोलायच्या. आन खऱ्या सासवा बाहेर व्हरांड्यात पान खात बसलेल्या.

मला वाचता येत नाय. पाट्या सगळ्या उर्दूत, एखादी इंग्रजीत. साहेबांनी एकदा मला फिरवून सगळं तोंडी सांगितलं व्हतं, हे काय खातं, कुठं राहतं, किती अंडी घालतं. ते म्या पाठ केलं. जे विसरले ते माझं माझं घातलं, आता खोटं कशाला बोलू. पण सापाच्या बाबतीत कधी माझं घातलं नाय. हा नाग, ही घोणस, हा मण्यार, ही धामण बिनविषारी, हिला मारू नका. खेड्यातनं लोक बी यायचे बाकीच्या दिवशी, दोन तोंडाचं वासरू घेऊन, कोणी शेतात सापडलेलं अंडं घेऊन, कोणी मेलेला साप काठीवर घेऊन, साहेब ह्याला बघा, हा रोज आमच्या गोठ्यात येतो. साहेब सगळ्यांना बसवायचे, चहा पाजायचे, आन ज्यांना भीती वाटायची त्यांना त्या बरण्यांपुढं उभं करून समजावून सांगायचे. तालुक्यातनं माणसं इतकं चालत यायची ती नुसती विचारायला. आन मंगळवारी बायका मला विचारायच्या. मला! पिंजाऱ्याच्या विधवेला. सहा दिवस माझ्याशी कोणी दोन शब्द बोलायचं नाय, जाव सुद्धा नाय, आन सातव्या दिवशी चाळीस-चाळीस बायका हलिमा आपा, हलिमा आपा करायच्या. मी सोमवारीच नवी ओढणी काढून ठेवायचे. खरं सांगते, मी मंगळवारसाठी जगायचे, बाकीचे सहा दिवस नुसते मधले.

त्याच्यातच कमळा यायची. गुलमंडीवरच्या एका कापडवाल्याची सून, सतरा-अठराची असंल. माहेर वैजापूरकडचं. आईबाप नाय, एक मोठा भाऊ, त्यानंच वाढवली, त्यानंच लगीन लावून दिलं. तीन वर्षांत सासरच्यांनी तिला एकदा माहेरी पाठवलं व्हतं, तीन दिवस. पहिल्यांदा आली तवा सगळ्या बायका बिबट्यापुढं, आन ही पाखरांच्या खोलीत एकली उभी, खंड्यापुढं. मी म्हणलं काय गं. ती म्हणली, आपा, आमच्या विहिरीवर असतो हा. मी म्हणलं, हा म्या भरलाय. खोटं, म्हणली. मी म्हणलं कापसाची शपथ. लई हसली. मग दर मंगळवारी ती आधी माझ्याकडं यायची. आमी दोघी पाखरांच्या खोलीत खाली बसायचो, मी कापूस हातानं उकलायचे, ती बी उकलायची, आन ती तिच्या गावाचं सांगायची, मी माझ्या गावाचं. माझ्या गावाचं विचारणारं दुसरं कोणी मला भेटलंच नाय त्या शहरात. मला बहीण नव्हती बाई. मला ती पोरगी लई आवडायची, हे आता तरी सांगायला काय हरकत हाय.

आता नागाचं. सापांच्या खोलीत मधोमध एक मोठी काचेची बरणी, तिच्यात साहेबांचा नाग. फणा काढलेला. मेलेल्या नागाचा फणा उभा राहत नाय, तुम्ही करून बघा. साहेबांनी आतनं बारीक तारा घालून, आठ-दहा दिवस खपून, तो असा उभा केला व्हता की बघणारा एक पाऊल मागंच सरायचा. वर स्पिरीट भरलेलं, दारूसारखा वास, झाकण मेणानं बंद. लांबून लांबून शिकलेले लोक तो बघायला यायचे. आन श्रावणात हिंदू बायका आल्या की पंचमीच्या आगेमागे त्या बरणीला हळदकुंकू लावायच्या, एखादं फूल ठेवायच्या. मी काय बोलायचे नाय. त्या गेल्या की ओल्या फडक्यानं बरणी पुसून काढायची. कोणाचं काय बिघडतंय? मला तर उलट बरं वाटायचं, आमच्या गावचं वारूळ आठवायचं.

त्या वर्षी पंचमी मंगळवारीच आली. आदल्या दिवशी श्रावणी सोमवार आन भावाचा उपवास, दोन्ही एकच. सकाळपासून टांगे लागले. सगळ्या नव्या बांगड्या भरलेल्या, मेंदी लावलेली, आन व्हरांड्यात त्यांनी फेर धरला, गाणी सुरू केली. बेगमा बी फेरात शिरल्या, एक म्हातारी बेगम फुगडी खेळली बघा. मी दारात उभी राहून टाळ्या वाजवायले. तेवढ्यात कमळानं मागनं माझी ओढणी ओढली. तिचे डोळे सुजलेले. म्हणली आपा, चला आत.

सापांच्या खोलीत कोणी नव्हतं. तिनं पदराखालनं एक पितळी गडू काढला, दुधाचा, झाकणाचा. मी म्हणलं, हे काय. ती म्हणली, भाऊ आजारी हाय. वैजापूरच्या कांद्याच्या गाड्या येतात ना, त्या गाडीवाल्यानं निरोप आणला व्हता, मुदतीचा ताप हाय, वीस दिवस झाले, माणूस वळखंना. हिनं सासूला म्हणलं, मला पाठवा. सासू म्हणली, सण झाल्यावर बघू. सासऱ्याला कोण विचारणार. मी म्हणलं, बरा व्हईल गं. ती म्हणली, आपा, दरसाल तोच मला वारुळावर न्यायचा, तीन वर्षं झाली मी नागाला दूध घातलं नाय, घरात भिंतीवर गंधानं नाग काढतात आन त्याला नैवेद्य दाखवतात, त्या भिंतीवरल्याला दूध कसं पोचंल, तुम्हीच सांगा. म्हणून असं झालं. मी म्हणलं, कमळे, हा मेलेला हाय. व्हय, ती म्हणली, पण खरा हाय, तोंड हाय त्याला. एवढं झाकण काढा, मी त्याच्या तोंडाला लावते, दुसरं काय मागत नाय.

मी नाय म्हणायला पाहिजे व्हतं. किल्ल्या माझ्याकडं, जबाबदारी माझ्यावर, साहेबांनी विश्वासानं पाठ करून बसायचं आन म्या असं करायचं. हे मला तवा बी कळत व्हतं, आता कळलं असं नाय. पण ती पोर काय करायली माहीत हाय का, रडत नव्हती, नुसती गडू धरून माझ्याकडं बघायली. बाहेर गाणं चाललेलं, आमच्या गावचंच गाणं. म्या सुरीनं मेण खरवडलं.

झाकण निघालं तर वासानं डोळ्यांत पाणी आलं. नागाचं तोंड स्पिरीटात बुडालेलं, चार बोटं खाली. वरनं दूध ओतलं तर ते तोंडाला लागणार नाय, नुसतं पाण्यात जाईल. कमळा म्हणली, थोडं काढा ना आपा. मग म्या साहेबांच्या चहाचा कप आणला आन स्पिरीट उपसून बादलीत टाकाया लागले. एक कप, दोन कप, दहा-बारा झाले असतील, तवा फणा वर निघाला. कमळानं डोळे मिटले, काय तरी पुटपुटली आन गडू वाकवला. दूध त्याच्या तोंडावरनं ओघळून खाली गेलं आन फाटलं, बरणीत पांढऱ्या चिंध्या फिराया लागल्या. तिनं चार लाह्या बी टाकल्या. मग ती माझ्या पायाशी वाकली. मी म्हणलं, अगं, मला काय करतीस, चल, सासू शोधंल. म्या झाकण लावलं, मेण बोटानं दाबून दाबून बसवलं, बरणीवर फडकं टाकलं आन बादली बागेत नेऊन ओतली. मला वाटलं, चिंध्या खाली बसतील. अडाणी बाईला वाटलं तसं.

दोन-तीन दिवसांनी साहेबांचा निरोप आला. गेले तर सापांच्या खोलीची सगळी दारं-खिडक्या उघडी आन वास व्हरांड्यापर्यंत. फणा वर उघडा राह्यलेला, त्याच्यावर बुरशी, कातडं सुटून तारा दिसायल्या, आन खाली सगळं गढूळ. साहेब ओरडले नाय. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बरणीपुढं स्टुलावर बसलेले, चष्मा हातात. म्हणले, हलिमाबी, किसने किया? मी म्हणलं, मैं की. ते म्हणले, तू मुसलमानाची बाई, तू नागाला दूध कशाला पाजशील? कोण व्हती ती, नाव सांग. मी फडक्यानं बरणी पुसाया लागले.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, त्यांचा काय दोष नव्हता. म्हणले, ह्या नागाची नोंद हैदराबादेला हाय, मला वर कळवावं लागणार. एका बाईचं काम असंल तर तिच्या घरी एक चिठ्ठी जाईल, तिला पुन्हा येता येणार नाय, आन बाकीच्यांचा मंगळवार राहील. नाव नसंल, आन तुझं नाव तर कोणी खरं मानणार नाय, तर वरचे म्हणतील, जनान्याचाच दोष, बंद करा जनाना. मंगळवार मला बी ठेवायचा हाय, ते म्हणले, माझ्या लेकी इथं असत्या तर मंगळवारीच आल्या असत्या. दोन दिवस विचार कर.

दोन दिवस म्या पिंजलं नाय, जेवले नाय. तुम्हाला खरं सांगू का? नाव माझ्या जिभेवर आलं व्हतं. एकदा तर मी उठून फाटकापर्यंत गेले बी. मला वाटायचं, ती काय, तिला घर हाय, नवरा हाय, उद्या लेकरं व्हतील, माझ्याकडं काय हाय, एक वार हाय आठवड्यातला. तोच गेला तर मी त्या खोलीत मरंन. आन मग डोळ्यापुढं यायचं, सरकारी शिक्क्याची चिठ्ठी घेऊन शिपाई गुलमंडीवर दुकानात उभा हाय, भर गिऱ्हाइकांत सासरा ती वाचतोय. सासू म्हणणार, चोरून बाहेर काय काय करती ही. घालवून देतील भावाकडं. आन भाऊ तिकडं हाय का नाय, ते तरी कोणाला माहीत. मग मी फाटकावरनं माघारी आले. तिसऱ्या दिवशी साहेबांना म्हणलं, मैंच की, दुसरं कोई नै था. साहेबांनी मान हलवली आन तारेचा कागद ओढला; सोमवारी वरनं हुकूम आला, जनाना बंद.

पुढच्या मंगळवारी बायकांना माघारी लावायचं काम माझ्यावरच आलं, पुरुष कसा सांगणार पडद्याच्या टांग्यांना. मी फाटकात उभी, किल्ल्या साहेबांकडं. टांगा आला की पडद्याजवळ तोंड नेऊन सांगायचं, बंद झालं, हुकूम हाय. कोणी चिडलं, कोणी हसलं, एक म्हातारी बेगम रडली. मग कमळाचा टांगा. थांबायच्या आत तिनं पडदा सारला, पाठीमागं सासू बसलेली, आन कमळाचं तोंड असं फुललेलं, असं फुललेलं. आपा, म्हणली, भावाचा ताप उतरला, उठून बसला, भाकर मागून खाल्ली, गाडीवाला काल सांगून गेला. दार उघडा ना, मला आत जायचंय.

मी म्हणलं, बंद झालंय. तिला वाटलं मी चेष्टा करायले. मी म्हणलं, कायमचं, जनानाच बंद केलाय. का, म्हणली. आता काय सांगू? सासू कान देऊन बसलेली. मी म्हणलं, साहेबांचा हुकूम. तिचं तोंड उतरत गेलं ते मी बघत राह्यले. म्हणली, मग तुम्ही साहेबांना काय बोललाच नाय का? इतक्या वर्षांच्या तुम्ही, तुमचं ऐकलं असतं त्यांनी. मी म्हणलं, नाय बोलले. ती म्हणली, तुम्हाला काय हो, तुमची नोकरी तर हाय तशीच राह्यली. आन पडदा सोडला. टांगा वळला. मी हात वर केला व्हता, तो तिनं बघितला नाय.

दुधानं भाऊ बरा झाला, असं मी म्हणणार नाय. मुदतीचा ताप, मुदत संपली, उतरला. पण त्या दिवशी फाटकात उभी राहून मला आनंद झाला, हे बी खरं, आन तो आनंद धरून बसायला माझ्याजवळ कोणी नव्हतं.

नोकरी राह्यली, ते ती बरोबर बोलली. साहेबांनी मला झाडायला, पुसायला ठेवलं, सकाळी दार उघडायच्या आधी. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाय, पण पाखरं भरायला बी कधी बोलावलं नाय. सकाळी मी एकली त्या चार खोल्यांत फिरायचे. सांबराची शिंगं पुसायचे, आता त्यांच्यावर टाकायला काय नव्हतं. अस्वलाचे केस विंचरायचे. कधी म्हणायचे, काय सासूबाई, कोणी येत नाय ना आता तुम्हाला? मग माझाच आवाज घुमायचा आन मी चूप व्हायचे. अशी काही वर्षं काढली म्या. गुलमंडीवरनं बी गेले, किती तरी वेळा, बुरख्यात, कापसाचं गाठोडं घेऊन, काम नसताना. दुकानाच्या वर माडीला एक खिडकी, तिच्यात कधी लुगडं वाळत असायचं. हाक मारायची कशी? मी कोण म्हणून? एकदा खिडकीत लेकराचं आंगडं वाळत घातलेलं दिसलं, तवा मी रस्त्यात उभी राहून दुवा दिली. मग पुढं निजामाचं राज गेलं, लोक इकडचे तिकडं झाले, त्या दुकानावर दुसऱ्याची पाटी लागली. साहेब हैदराबादेला गेले ते गेलेच. जनावरं कुठं कुठं नेली, अर्धी वाळवीनं खाल्ली, इमारतीत आता कसलं तरी दफ्तर हाय म्हणे. मी जाऊन बघितलं नाय.

आता पुतण्याच्या घरात मागची खोली मला दिलीय. वाईट वागवत नाय, जेवायला देतात, दवाखान्यात नेतात. पोरं मोबाईलवर असतात. माझ्याशी बोलायचं काय, त्यांना बी प्रश्नच पडतो. तुम्ही आलात, दोन दिवस बसलात, एवढं ऐकलंत, अल्ला तुम्हाला सुखात ठेवो. तुमच्या वहीत माझं नाव हलिमाबी म्हणून खुशाल लिहा, माझं आता कोण काय करणार हाय.

पण एक सांगते. कमळा तिचं नाव नाय. तुम्हाला सांगायला काय तरी पाहिजे म्हणून ते म्या माझ्या मनानं घातलं, आन कापडाचं दुकान बी नव्हतं ते, दुसऱ्याच कसलं तरी व्हतं. असं बघू नका माझ्याकडं. तिच्या लेकी-सुना, नाती असतील कुठं तरी ह्याच शहरात, वाचतील, म्हणतील आमच्या आजीपायी बंद झालं का ते. ज्यांनी मला भाकर दिली त्या साहेबांना म्या तिचं नाव सांगितलं नाय, सगळा मंगळवार देऊन टाकला त्याच्यापायी, आन आता तुम्हाला सांगू? ती असंल तर माझ्यासारखीच म्हातारी असंल. जिथं असंल तिथं तिचं बरं असो, तिच्या भावाचं बी बरं असो. तिला खरं काय ते कळलं नाय, ते तसंच राहू द्या. बसा, चहा येतोय.